झोपाळा तूच बांध

“दादा, बाकीचं सगळं आमी बघतो. झोपाळा मात्र तूच बांध,” शंभूराज फोनवर म्हणाला, तेव्हा मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका कलिंगडाच्या गाडीसमोर उभा होतो. गाडीवाला एकेक कलिंगड उचलून त्यावर टिचकी मारत होता आणि कान जवळ नेऊन ऐकत होता. मी फोन कानाला लावून त्याच्या बोटांकडं बघत राहिलो. शंभू, माझा धाकटा भाऊ, तासगावजवळच्या आमच्या मळ्यातून बोलत होता, मोठ्यानं, कारण मागं ट्रॅक्टर चालू होता. त्याच्या बायकोला, पूजाला, सातवा लागला होता. मेच्या तिसऱ्या रविवारी डोहाळजेवण ठरलं होतं, आणि तेही बाहेर, बेदाण्याच्या शेडमध्ये. शेवटचा माल मंगळवारी गेला, शेड मोकळी आहे, चारी बाजूंनी वारं लागतं, वर पत्रा आहे, मग मंडप कशाला, असं त्याचं म्हणणं. सगळं बरोबर होतं. मी ‘बघू’ म्हणालो. ‘बघू’ हा आमच्या घरात होकारही असतो आणि नकारही, त्यामुळं त्यानं होकार धरला आणि फोन ठेवला. “गोड निघणार साहेब, आवाजावरनं सांगतो,” गाडीवाला म्हणाला. एवढी खात्री असलेल्या माणसांचा मला अलीकडं राग येतो. मी पाठ फिरवून चालू लागलो, आणि स्कूटरपाशी पोचल्यावर आठवलं की पैसे देऊन झाले होते आणि कलिंगड गाडीवरच राहिलं होतं.

झोपाळा मीच बांधायचा, हे शंभूला का सुचलं असेल? नऊ वर्षांपूर्वीचा झोपाळाही मीच बांधला होता, त्याच शेडमध्ये, त्याच आडव्या लोखंडी अँगलला, माझ्या बायकोच्या, उमाच्या, डोहाळजेवणाला. तेव्हा शंभू कॉलेजात होता आणि मोबाइलवर व्हिडिओ काढत फिरत होता. तो विसरला असेल. किंवा विसरला नसेल, आणि त्याच्या मते त्याच जागी त्याच माणसाच्या हातून एकदा नीट झालं की मागचं पुसलं जात असेल. आमच्याकडं माणसं असलं काही बोलून दाखवत नाहीत, कामं सांगतात. मी पाटबंधारे खात्यात अभियंता आहे. लोक मला भिंती, दारं, पाण्याचा दाब यांबद्दल विचारतात आणि मी उत्तरं देतो. त्या दिवशी ज्ञानू, आमच्या मळ्यातला जुना गडी, अँगलकडं बघत म्हणाला होता, “दादा, साखळी लावूया का? हाय की घरात.” आणि मी म्हणालो होतो, “दोरी बास आहे ज्ञानू. वजनाचं गणित मला कळतं.” द्राक्षबागेत वापरतात ती नायलॉनची दोरी, नवी कोरी, गुळगुळीत. गणित बरोबरच होतं. दोरी तुटली नाही. गाठ सरकली. उमा हिरव्या साडीत, मोगऱ्याचे दागिने घालून फळीवर बसली, बायकांनी गाणं धरलं, आणि तिसऱ्या झोक्याला फळीची उजवी बाजू वीतभर खाली आली. वीतभरच. उमा कलंडली, पण फळीला धरून राहिली, पडली नाही. सगळ्या हसल्या, तीही हसली. “पोरगं वजनदार हाय,” आई म्हणाली. मी धावत जाऊन गाठ आवळली. हे झालं रविवारी. मंगळवारी सांगलीच्या एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी उमाच्या पोटावर यंत्र बराच वेळ फिरवलं, मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, मग मला बाहेर बोलावलं.

त्याचा बाळ जाण्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे मी विचारलं होतं. व्हरांड्यात, हळू आवाजात, कुणा तिऱ्हाइताबद्दल विचारावं तसं: समजा, बाई जराशी कलंडली, तर? एवढ्यानं काही होत नाही हो, त्या म्हणाल्या. पण त्यांनी फळी पाहिली नव्हती. घरात त्या गाठीचं नाव कुणी कधी काढलं नाही. झोपाळा उतरवला गेला, फळी माळ्यावर गेली, शंभूच्या मोबाइलमधला व्हिडिओ कधी कुणाला दिसला नाही. उमानंही काही काढलं नाही. तिनं एकदा जरी म्हटलं असतं की तुमच्यामुळं झालं, तर मी भांडलो असतो, रडलो असतो, पाया पडलो असतो, काहीतरी केलं असतं. मी वाट बघत होतो. ती भाजी निवडत असली, वह्या तपासत असली, की मी तिच्याकडं बघत बसायचो. तिनं मान वर केली की वाटायचं, आता म्हणेल. ती म्हणायची, गॅस संपत आलाय. सहा महिन्यांनी एकदा फक्त म्हणाली, “पुन्हा नको मला.” मी ‘बरं’ म्हणालो. त्या ‘नको’चा अर्थ मी माझ्यापुरता लावला, आणि तो घेऊन साताऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांत नऊ वर्षं राहिलो. तसं आमचं बरं चाललं होतं. आम्ही भांडत नव्हतो. शेजारी आमचं उदाहरण द्यायचे.

शंभूचा निरोप सांगितला तेव्हा उमा गवारीच्या शेंगा मोडत होती. “मग बांधा की,” ती म्हणाली, आणि शेंगा मोडत राहिली. मी तिथंच उभा. तिनं हात पुसले, फोन घेतला आणि पूजाला लावला. “हलतंय ना गं नीट?” तिनं विचारलं. हे ती रोज विचारायची. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून, रोज संध्याकाळी, शाळेतून आली की. जेवलीस का, झोप लागली का, असलं काही नाही. एवढं एकच, आणि उत्तर ऐकलं की फोन ठेवायची. पूजा मला हसून म्हणालीही होती, “भाऊजी, ताईंचा फोन यायची वेळ झाली की बाळ आपसूक जागं होतंय.” मी हसलो होतो. जाऊबाईंची काळजी, असं समजून सोडून दिलं होतं.

साखळी मी सांगलीत घेतली, शनिवारी सकाळी, तासगावला जाता जाता. उमा गाडीतच बसली. दहा वाजताच रस्ता तापला होता. दुकानदाराला मी विचारलं की ही किती वजन पेलेल, आणि ते कशावरून, आणि कडीचा जोड कसा केलाय, आणि याहून जाड आहे का. त्यानं याहून जाड दाखवली. मी याहून जाड मागितली. “काय टांगायचंय साहेब? म्हैस?” तो म्हणाला. मी म्हणालो, झोपाळा. त्यानं एकदा माझ्याकडं आणि एकदा साखळीकडं बघितलं, आणि मुकाट्यानं तोडायला घेतली. साखळीच्या कड्या, आकडे, नट, वायसर, सगळं दुप्पट घेतलं. गाडीत ठेवताना उमानं पिशवीत डोकावून पाहिलं. मला वाटलं, आता काही म्हणेल. तासगाव येईपर्यंत आम्ही उन्हाबद्दल बोललो, दोनदा.

मळ्यावर धांदल चालू होती. शेडच्या मधल्या भागातल्या जाळ्या शंभूनं काढून टाकल्या होत्या. एरवी तिथं खालपासून वरपर्यंत जाळ्यांचे मजले असतात, त्यांवर द्राक्षं पसरलेली असतात, आणि पंधरा दिवसांत ती वाऱ्यावर सुकून त्यांचा बेदाणा होतो. माल गेला तरी वास गेला नव्हता, गोडसर आणि गंधकाचा, घशाला किंचित लागणारा. बाजूच्या हिरव्या कापडातून ऊन गाळून येत होतं आणि सगळ्यांचे चेहरे हिरवट दिसत होते. पूजाच्या मैत्रिणींनी तासगावहून फुगे आणले होते, गुलाबी आणि निळे, काय होईल ते माहीत नाही म्हणून दोन्ही. पत्र्याखाली टांगलेले फुगे उन्हानं एकेक करून फुटत होते. फुगा फुटला की पूजा हसायची, आणि उमा त्या प्रत्येक वेळी पूजाच्या पोटाकडं बघायची. आई, म्हणजे राहीबाई, खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. “त्ये फुगं काढा आदी. आंब्याचं डहाळं लावा, केळीचं खांब लावा, रंग भरतोय. आवं, आमच्या टायमाला कुटं हुतं फुगं? लय झालं तर मोगरा.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “इस्वा, आला व्हय रं. झोपाळ्याचं बघ बाबा.” म्हणताना तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं नाही, माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं. आणि शंभूला म्हणाली, पाणी दे त्याला.

फळी तीच होती. जांभळाच्या लाकडाची, ज्ञानूनं ती माळ्यावरून काढून तेल लावून ठेवली होती. ज्ञानू आता थकला आहे, शिडी धरण्यापुरता. मी वर चढलो. अँगलवर नऊ वर्षांपूर्वीच्या दोरीचा घासल्याचा पट्टा अजून होता, रंग उडालेला, बोटाएवढा रुंद. मी त्यावर हात ठेवला. खाली ज्ञानू वर बघत होता. “शेजारी लाव दादा, वाईच सरकून,” तो म्हणाला. त्यालाही आठवत होतं. अर्थात त्याला आठवणारच, दवाखान्यातून बाळ आणल्यावर माझ्याबरोबर तोच होता. ती मुलगी होती. आई दवाखान्यात म्हणाली होती, “आयनं बघायचं नसतंय रं. बघितलं की इसरत न्हाई.” उमानं गुंगीत एकदा म्हटलं होतं, “दाखवा मला.” मी म्हणालो, “नंतर.” आणि ज्ञानूबरोबर मळ्यावर आलो. शेडमागच्या बांधावर, शेवग्याखाली, त्यानं खणलं. मी तिला धरून उभा होतो. दवाखान्याच्या कापडात होती, ते मला बघवेना. घरात जाऊन उमाच्या ओटीतला हिरवा खण आणला आणि त्यात गुंडाळली. तिथं काही खूण ठेवली नाही. उमाला मी ती जागाही कधी नीट दाखवली नाही, आणि ‘नंतर’ म्हणालेलं मी कधी नंतर केलं नाही. मी शिडीवरून उतरताना ज्ञानूनं माझा पाय धरला, उगाच, मी पडत नव्हतो.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर घरात सगळे कलंडले. पाहुणे पाचला येणार होते, ऊन उतरल्यावर. मी शेडमध्ये गेलो. खांबांना केळी लागल्या होत्या, डहाळे लागले होते, मिरजेहून आलेल्या शेवंतीच्या माळा झोपाळ्याच्या साखळ्यांना गुंडाळायच्या बाकी होत्या, त्या ओल्या फडक्याखाली टोपलीत होत्या. फुलं गुंडाळली की साखळी दिसणार नव्हती, म्हणून त्याआधी मला एकदा बघायचं होतं. शिल्लक बेदाण्याच्या पंधरा किलोच्या पेट्या कोपऱ्यात होत्या. त्या मी फळीवर रचल्या. चार. मग सहा. मग आठ. धक्का दिला. थांबवलं, कड्या तपासल्या, परत धक्का दिला. शर्ट पाठीला चिकटला होता. असं किती वेळ चाललं होतं माहीत नाही. वळलो तर उमा खांबाला टेकून उभी होती.

“पेट्या उतरवा,” ती म्हणाली. “मी बसते.”

“कशाला? झालंय बघून.”

“पेट्या काय सांगणार तुम्हाला? उतरवा.”

मी उतरवल्या. ती बसली, नीट, मधोमध, दोन्ही हातांनी साखळ्या धरून. केसांत पांढरं बरंच आलंय तिच्या, मला त्या हिरवट उजेडात ते एकदम दिसलं. “द्या झोका,” ती म्हणाली. मी दिला. अगदी हळू. माझं सगळं लक्ष उजव्या बाजूला. एक, दोन, तीन. तिसऱ्याला मी श्वास धरला. काही झालं नाही. आणि काही झालं नाही म्हणूनच बहुतेक मला ते मनात धरून ठेववेना. मी म्हणालो, “उमा, ती गाठ…”

“गाठीचं काही नाही हो,” ती म्हणाली. पाय टेकवून तिनं झोपाळा थांबवला. “शुक्रवारपासनं हलत नव्हतं.”

मला कळलं नाही. म्हणजे शब्द कळले.

“शुक्रवारी दुपारपासनं. मला कळत होतं. थंड पाणी प्यायले, कुशीवर झोपून बघितलं, गूळ खाल्ला. आईंनी अख्ख्या भावकीला सांगितलं होतं. शेड सजवून झाली होती, तुम्ही दोन दिवस शिडीवर. म्हटलं, झोपलं असेल. म्हटलं, रविवार होऊ दे, सोमवारी दाखवू. सोमवारी भाड्याची भांडी घासून परत द्यायची होती. मंगळवारी गेलो.”

मला आधी काय वाटलं ते सांगायची लाज वाटते. मला हलकं वाटलं. छातीवरची नऊ वर्षं कुणीतरी उचलून घेतली, एवढं हलकं. क्षणभरच, पण वाटलं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण उमानं मान खाली घातली. मग मला तिचा भयंकर राग आला. मग तो राग कुणावर काढायचा तेच कळेना. फळीवर हिरव्या साडीत बसलेली, हसणारी उमा मला आठवली. गाठ सरकल्यावर सगळ्यांबरोबर हसली होती. ती तेव्हा काय वाटून हसली असेल? बायका तिच्या ओटीत नारळ घालत होत्या, कुणी पोटावर हात ठेवत होत्या, वाटीखालचा पेढा निघाला म्हणून टाळ्या वाजवत होत्या, आणि तिला एकटीला माहीत होतं. मी आठ हातांवर उभा होतो आणि मला दोरीचं गणित माहीत होतं.

“मला वाटायचं, तू मला दोष देतेस,” मी म्हणालो. “गाठीचा. वाट बघायचो, कधी बोलतेस.”

“मला वाटायचं, डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय,” ती म्हणाली. “दोन दिवस उशीर झाला म्हणून. तुम्ही माझ्याकडं असं बघत बसायचा ना, मी काही करत असले की. वाटायचं, कबूल कधी करते याची वाट बघताय.”

पत्रा तापून तडतडत होता. एक उरलेला गुलाबी फुगा कुठंतरी फुटला आणि उमा दचकली. एवढं साधं होतं. एका घरात, एका गॅसवर, समोरासमोर बसून आम्ही आपापलं पाप सांभाळत बसलो होतो, आणि त्यात आम्हाला हवं असलेलं दुसरं मूलसुद्धा राहून गेलं. हे आता कुणाला सांगायचं? मी तिच्यापुढं जमिनीवर बसलो. त्या जमिनीवर अजून चिकट होतं, द्राक्षांचं.

“कशी होती?” उमानं विचारलं.

नऊ वर्षांत तिनं विचारलं नव्हतं. मी ‘नंतर’ म्हणालो होतो, आणि ती थांबली होती.

“केस होते,” मी म्हणालो. “पुष्कळ. काळे. कानावर आले होते.”

“आणि?”

“नाक तुझं. उजवी मूठ मिटलेली. नखं होती, एवढी एवढी.” मी करंगळीच्या टोकावर दाखवलं. तिनं वाट बघितली. “तुझ्या ओटीतल्या खणात गुंडाळली. हिरव्या. दवाखान्याचं कापड काढून टाकलं मी.”

“खण मी किती शोधला,” उमा म्हणाली. “वाटलं, कुणी उचलून नेला.” आणि मग ती रडली, फळीवर बसून, साखळी न सोडता. मी तिचे पाय धरून बसलो. नंतर ती उठून शेडच्या मागच्या बाजूला गेली, हिरवं कापड हातानं बाजूला करून तिनं शेवग्याकडं बघितलं, आणि मी ‘तिथं’ एवढंच म्हणालो. उन्हात शेवग्याची विरळ सावली बांधावर पडली होती. चार वाजायला आले होते. तिनं तोंड धुतलं, टोपलीवरचं ओलं फडकं काढलं, आणि आम्ही दोघांनी मिळून साखळ्यांना शेवंती गुंडाळली. “वरपर्यंत न्या,” ती मधे एकदा म्हणाली, “लोखंड दिसतंय.”

पाचनंतर बायका आल्या. पूजा हिरव्या साडीत, मोगऱ्याचा मुकुट घालून, एकेक पाऊल जपून टाकत आली आणि फळीवर बसली. आईनं उमाला पुढं ढकललं. “पैली ओटी तू भर,” ती म्हणाली, आणि कुणी काही बोलायच्या आत नारळ तिच्या हातात दिला. उमानं ओटी भरली. खण घडीचाच होता, तिनं तो उलगडून पाहिला, परत घडी घातली आणि पूजाच्या पदरात ठेवला. मग गाणं सुरू झालं. “इस्वा, झोका दे रं जरा,” आई म्हणाली. मी पूजाच्या मागं उभा राहून झोका दिला. उमा समोर होती. ती वाकली आणि पूजाला काहीतरी विचारलं. गाण्यात ऐकू आलं नाही, पण काय विचारलं ते मला माहीत होतं. पूजा हसली. “बघा की तुमीच, ताई,” म्हणाली, आणि उमाचा हात धरून तिनं आपल्या पोटावर ठेवला. झोपाळा हलू नये म्हणून मी दोन्ही साखळ्या घट्ट धरल्या. उमा तशीच वाकून उभी राहिली. गाणं संपलं, दुसऱ्या बाया ओटी भरायला रांगेत येऊन थांबल्या, तरी तिनं हात काढला नाही.